कोडं छापा, नकाशा छापू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या अंकात एका पालकांचं पत्र आलं आहे. व्हिडिओ गेममुळे मुलांना दिशांचं भान उरलेलं नाही, पूर्व-पश्चिम सांगता येत नाही, असा त्याचा एकूण रोख. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. सगळी नोकरी बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या शिवारांत जमीन मोजायची साखळी ओढण्यात गेली. सातबारा हातात धरून स्वतःच्याच रानाचा उत्तरेचा बांध दक्षिणेला दाखवणारे बाप्ये मी रग्गड पाहिलेत, आणि त्यांतल्या एकानेही जन्मात गेम खेळलेला नव्हता. तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ. मला बोलायचं आहे ते गेममधल्या गुहांबद्दल.

उन्हाळ्याच्या सुटीत सातवीतली नात पुण्याहून आली, ती जावईबापूंचा जुना गेमबॉय ॲडव्हान्स, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घेऊनच. त्यात पोकेमॉन फायररेड हा 2004 चा गेम. रानोमाळ हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेचे प्राणी धरायचे, वाढवायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या. प्राण्यांत मला फारसा रस नाही. पण एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना डोंगर आडवा येतो आणि त्याच्या पोटातून वाट काढावी लागते, तिथे मी चष्मा पुसून पुढे सरकलो.

त्यातली रॉक टनेल नावाची गुहा म्हणजे गडद अंधार. आपल्याभोवती उजेडाचा एवढासा गोल, बाकी सगळं काळं. गंमत म्हणजे या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. त्यामुळे अंधारी गुहा बघण्यासाठी आम्ही आजोबा-नात भर उन्हात, डोक्यावर टॉवेल घेऊन अंगणात बसलेलो. शेजारचे येऊन विचारून गेले, काय हरवलंय म्हणून.

गुहेत उजेड पाडणारी फ्लॅश नावाची विद्या गेममध्ये मिळते, पण फुकट नाही. आधी 10 जातींचे प्राणी धरलेले असावे लागतात, मगच एक मदतनीस ती देतो. नातीला ती आणायचीच होती. मी म्हटलं, थांब, आधी अंधारात मोजू. या गेममध्ये एक पाऊल म्हणजे बरोबर एक चौकोन. आलेख वही काढली, एका चौकोनाला एक पाऊल धरलं आणि टिपण घ्यायला सुरुवात केली. ती चालणार, मी लिहिणार. ‘उत्तरेला सात, भिंत. पूर्वेला तीन, वाट.’

आता यात खरी मेख कुठे आहे ते सांगतो. डावा हात भिंतीला लावून चालत राहावं, कधी ना कधी बाहेर पडाल, हा जुना तोडगा सगळ्यांना ठाऊक असतो. एकाच मजल्यावर, सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतील तर तो चालतो. रॉक टनेलला मजले दोनच, पण शिड्या वरून खाली, खालून वर अशा आहेत की प्रत्येक शिडीगणिक तुम्ही गुहेच्या वेगळ्याच तुकड्यात जाऊन पडता. तिथे डावी भिंत धरून हिंडलात तर त्याच शिडीपाशी परत. म्हणून शिडीला नाव द्यायचं. वरचं तोंड क, खालचं तोंडही क, आणि दोन मजल्यांचे दोन वेगळे कागद. ही गोष्ट नातीला मी सांगितली नाही, दोनदा त्याच शिडीवर आल्यावर तिने स्वतःच कंपासमधली लाल पेन्सिल काढली.

शिवाय त्रास म्हणजे झुबॅट. हे वटवाघूळ चार पावलं चालू देत नाही. त्याला डोळेच दाखवलेले नाहीत (खऱ्या वटवाघळाला डोळे असतात आणि दिसतंही, एवढं लेकरांना सांगून ठेवावं). झुंज संपून पडदा परत गुहेवर येतो तोवर आपण कितव्या पावलावर होतो तेच डोक्यातून जातं. त्यावर रिपेल म्हणून फवारा मिळतो. आपल्या रांगेतला पहिला प्राणी तगडा असेल, तर त्याच्याहून कमी ताकदीचे प्राणी 100 पावलं वाटेला येत नाहीत. 100 पावलं भरली की सूचना येते. नातीसाठी तो फवारा, माझ्यासाठी साखळी! आमची शंकू साखळी 33 फुटांची, ही 100 पावलांची. फवारा संपला तिथे खूण करायची, पुढचा मारायचा, मोजदाद चुकत नाही.

गेममधल्या पैशांत हा फवारा 350 ला, गुहेच्या तोंडाशी परत आणणारा दोर 550 ला. दोर एकदाच वापरता येतो. पैसे मोजकेच. मग फवारे किती, दोर घ्यायचा की त्या पैशात औषधं, याचा हिशेब आत शिरण्याआधी दुकानातच करावा लागतो. आत सगळे प्राणी गारद झाले तर पैसे कापले जातात आणि मागच्या उपचार केंद्रात जाऊन पडता. आमचं पोर शाळेच्या सहलीला जाताना पाण्याची बाटली विसरतं, पण इथे दोर विसरलं नाही.

आता माझी तक्रार. आमचा नकाशा अर्धाअधिक झाला आणि नात म्हणाली, ‘आबा, यूट्यूबवर सगळी वाट दाखवलीय की. पाच मिनिटांत बाहेर.’ मी काही बोललो नाही, पण मला राग आला तो याचाच. ज्या पालकांनी पत्र लिहिलं त्यांनी गेमला बोल लावला आहे. गेम बिचारा आतल्या वाटांचा नकाशा देत नाही, लेकराला मोजायला लावतो. तयार वाट देणारा दुसराच कुणीतरी आहे. दुसऱ्याच्या टिपणावर मी कधी हद्द कायम केली नाही. तो व्हिडिओ तिने रात्री बघितला असेल तर देव जाणे. सकाळी मात्र वही घेऊन बसली.

आपल्याकडे देवगिरीच्या किल्ल्यात अंधारी नावाची भुयारी वाट आहे, कातळातून वर चढणारी. फसवे फाटे, वटवाघळांचा उग्र वास, आणि एखाद्या फाट्यावरून शत्रू थेट खंदकात पडायचा, असं वाटाडे सांगतात. मी नातीला तिथे नेलं. वाटाड्याने बॅटरी मारून भराभर पुढे काढलं. ती मागे राहून पावलं मोजत होती, आणि मागून येणारी मंडळी वैतागत होती. तिथून निघताना तिने विचारलं ते असं, की यादवांच्या सैनिकांना स्वतःची वाट अंधारात कशी कळायची? मला उत्तर आलं नाही. कुणा जाणकाराला येत असेल तर त्यांनी आपल्याच अंकातून लिहावं.

एक विनंती. बालपुरवणीत आपण चक्रव्यूहाचं चित्र छापता, उंदराला लाडवापर्यंत पोहोचवा म्हणून. सगळ्या वाटा वरून दिसतात, बोट फिरवलं की झालं. त्यात गुहा कुठे आहे? त्याऐवजी नुसती टिपणं छापा आणि खाली कोरे चौकोन द्या. नमुना देतो. शिडी सरळ उभी आहे असं धरावं.

दारातून उत्तरेला 8 पावलं. पूर्वेला 5. शिडी क, खाली उतरा. दक्षिणेला 6. पश्चिमेला 9. शिडी ख, वर या. आता दार कोणत्या दिशेला आणि किती पावलांवर?

उत्तर मी कळवत नाही, आपणही त्याच अंकात उलटं करून छापू नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूकरमापक, केज (जि. बीड)