माल्कम यांचा दुसरा निकालही सांगा

महोदय,

तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपिन्समधले अमेरिकी न्यायमूर्ती जॉर्ज माल्कम यांच्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. १९०६ मध्ये मनिलाला येऊन आरोग्य खात्यात कारकुनी धरलेला हा मिशिगनचा तरुण पुढे विधी महाविद्यालय उभारतो, रोहास, लॉरेल, किरिनो हे भावी राष्ट्राध्यक्ष तिथे शिकतात, आणि तो स्वतः १९१७ ते १९३६ सर्वोच्च न्यायालयात बसतो. हे सगळं खरंच आहे.

लुकबान खटल्याचंही कौतुक योग्यच. मनिलाचे महापौर लुकबान यांनी वेश्यावस्तीतल्या सुमारे १७० बायकांना ऑक्टोबर १९१८ मध्ये रातोरात उचलून बोटीत कोंबलं आणि दूर दावावला धाडलं. सामान आवरायलाही वेळ दिला नाही. माल्कम यांनी बजावलं की या बायका म्हणजे कुणाची मालमत्ता नव्हे, त्याही नागरिकच आहेत. महापौरांना १०० पेसो दंड झाला.

तो निकाल २५ मार्च १९१९चा. त्याच्या अठराच दिवस आधी, ७ मार्चला, याच न्यायमूर्तींनी रुबी खटल्याचा निकाल लिहिला होता. लेखात त्याचा उल्लेखच नाही. मिंदोरो बेटावरच्या रुबी आणि इतर मांग्यान आदिवासींना नाउहान तळ्याकाठी ८०० हेक्टरांत राहायची सक्ती झाली होती. न ऐकणाऱ्याला साठ दिवसांपर्यंत कैद. पळालेला दाबालोस कालापानच्या तुरुंगात होता. माल्कम यांनी अमेरिकेतल्या इंडियनांच्या राखीव वस्त्यांचे दाखले पानंच्या पानं दिले आणि सरकारचं म्हणणं उचलून धरलं. हे सारं त्यांना सुधारण्यासाठीच आहे म्हणे! त्याच न्यायालयातले न्या. मॉइर, तेही अमेरिकीच, विरोधात गेले. त्यामुळे ‘तो काळच तसा होता’ ही सबब मला पटत नाही.

माझे वडील सोलापूरच्या सेटलमेंटात, तारेच्या कुंपणाआड वाढले. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आजोबांना हजेरी द्यावी लागे, पास नसेल तर नातेवाइकाच्या मयतीलाही बाहेर पडता येत नसे. कुंपण घालणारेही ‘सुधारणा’ हाच शब्द वापरत. १९५२ मध्ये कायदा गेला तेव्हा वडील हाताशी आले होते. रुबीचा निकाल मी वाचला तो त्यांचा मुलगा म्हणून. बोटीत कोंबलेल्या बाईचं स्वातंत्र्य ज्यांना दिसलं, त्यांना दाबालोसचं का दिसलं नाही?

माल्कम यांचं मोठेपण मी नाकारत नाही. पण विधी शाखेची मुलंही आपली पुरवणी वाचतात. रुबी खटल्यावर, आणि मॉइर यांच्या विरोधी मतावरही, स्वतंत्र लेख छापावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर