पॉट्सच्या रुग्णांना सलाईन: केव्हा द्यावे, केव्हा थांबावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी चार वर्षांपासून पोश्चरल टॅकिकार्डिया सिंड्रोम, म्हणजेच पॉट्स, या विकाराने त्रस्त आहे. उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत, रक्तदाब फारसा न उतरता, नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक (१२ ते १९ या वयात ४०) वाढत असतील आणि भोवळ, धडधड, थकवा असा त्रास किमान तीन महिने होत असेल, तर हे निदान केले जाते. पुष्कळ रुग्णांच्या शरीरात रक्ताचे प्रमाणच कमी असते, आणि म्हणून शिरेतून लिटरभर सलाईन गेले की त्यांना उभे राहणे जमू लागते. हा आराम खरा असतो. तरीही एका रुग्णालयाने ‘मनाचे दुखणे’ ठरवून तिला परत पाठवले होते, याची वेदना मला अजून आहे.

म्हणूनच, नेहमीसाठी शिरेत नळी बसवून दर आठवड्याला सलाईन द्यावे, असा आग्रह एकेकाळी मीही धरला होता. आज तो चुकीचा वाटतो. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांवर काम करणाऱ्या हार्ट रिदम सोसायटी या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१५च्या तज्ज्ञ-निवेदनाने, त्रास एकाएकी बळावल्यास दोन लिटरपर्यंत सलाईन देणे योग्य मानले आहे, पण पुरेसा पुरावा नसताना ते नियमित देण्याची शिफारस केलेली नाही. सलाईनमधले बरेचसे पाणी थोड्याच वेळात रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते, उरलेले हळूहळू लघवीवाटे जाते. मोठ्या शिरेतली नळी मात्र तिथेच राहते आणि रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा किंवा गुठळी धरण्याचा धोका रोज सोबत असतो. लिटरभर सलाईनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असते. उच्च रक्तदाब, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेवढे मीठ आणि दोन-तीन लिटर पाणी दिवसभरात तोंडानेही घेता येते. पोटापर्यंत येणारे घट्ट मोजेही उपयोगी पडतात; बसून किंवा आडवे होऊन करायच्या व्यायामांचा गुण मात्र सावकाश येतो, आणि तोवर धीर धरणे किती कठीण असते ते घरच्यांनाच ठाऊक.

उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसेल, तेव्हा मात्र सलाईनला टाळाटाळ होऊ नये. आपत्कालीन विभागातील डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे की, अशा रुग्णाला घाबरट ठरवण्याआधी त्याची नाडी एकदा आडवे असताना आणि एकदा दहा मिनिटे उभे करून मोजावी.

आपली विश्वासू,
एक आई