एएचआय पाचच्या आत, तरी सकाळी डोके जड?

महोदय,

सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, लावणाऱ्यांच्या घरात सकाळी पहिले काम म्हणजे स्क्रीनवरचा एएचआय बघणे. तो पाचच्या आत आला की घरचे निश्चिंत. निव्वळ स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणे) असेल तर त्यात फारसे वावगे नाही. पण त्याच माणसाला सीओपीडी हा श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजारही असेल, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ओव्हरलॅप सिंड्रोम, तर या एकाच आकड्यावर विसंबणे महागात पडते.

श्वास निदान दहा सेकंद थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रकार तासाला सरासरी किती वेळा घडले, तो एएचआय. यंत्र हे हवेच्या प्रवाहावरून ताडते. रक्तात ऑक्सिजन किती आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे साध्या सीपॅपला कळतच नाही. त्यातून भागाकार झोपेच्या तासांनी होत नाही, यंत्र चालू असलेल्या तासांनी होतो. पाच तासांच्या झोपेत ३० वेळा श्वास अडला तर दर ६. मास्क सात तास चढवलेला असेल तर यंत्र ४.३ दाखवणार!

म्हणून एएचआय वाचण्याआधी गळती, म्हणजे मास्कच्या कडेने किती हवा निसटते, ते पाहावे. रेसमेड कंपनीच्या यंत्रांत ९५व्या शतमानाची गळती (रात्रीचा ९५ टक्के वेळ गळती ज्या आकड्याच्या आत राहिली तो आकडा) मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली, तर त्या रात्रीच्या बाकीच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नये. काही कंपन्यांची यंत्रे मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवाही गळतीत धरतात, तेव्हा शेजाऱ्याच्या अहवालाशी तुलना नको. कारणे बहुधा साधी असतात: चेहऱ्यावरचे तेल, दाढी, रात्री कवळी काढल्याने बसलेले गाल, उघडे राहणारे तोंड. पट्टे करकचून आवळल्यानेही कुशन वाकडे होऊन गळते. आडवे होऊन, यंत्र चालू ठेवूनच पट्टे बसवावेत. नळीतून ऑक्सिजन जोडलेला असेल तर गळतीमुळे तोही विरळ होतो.

खरी माहिती मिळते ती रात्रभर नोंद ठेवणाऱ्या ऑक्सिमीटरकडून. (नेलपॉलिश काढून आणि बोट गरम ठेवून लावावा.) स्लीप ॲप्नियात आलेख करवतीच्या दात्यांसारखा खाली-वर होतो. सीओपीडीत मात्र रेषा खाली जाते आणि बराच वेळ तिथेच राहते, विशेषतः पहाटे. स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि त्या झोपेत बरगड्यांमधले व मानेचे स्नायू सैल पडतात. फुगलेल्या फुप्फुसांमुळे ज्यांचा श्वासपटल आधीच सपाट झालेला आहे, त्यांची भिस्त याच स्नायूंवर असते. श्वास थांबत नाही, नुसता तोकडा पडतो. एएचआय २ आणि ऑक्सिजन तासभर ८४ टक्के, असे होऊ शकते ते यामुळे. ऑक्सिजन ९० च्या खाली किती वेळ होता, हा आकडा मागून घ्यावा.

तो आकडा पाहून कॉन्सन्ट्रेटरचा (घरी ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचा) लिटर स्वतःहून वाढवू नये. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांसाठी ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य असते. त्यापुढे ढकलले तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. सकाळची डोकेदुखी, दिवसाची गुंगी ही त्याची चिन्हे. खात्री एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातील वायूंच्या तपासणीने होते. तिथे हा वायू ४५ मिमी पाऱ्याच्या वर निघाला तर सीपॅपऐवजी बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे यंत्र) लागेल का, ते डॉक्टर ठरवतात. बायपॅपच्या अहवालात दर श्वासाला आत जाणारी हवा आणि मिनिटाला श्वास किती, हेही दिसते. नेहमी १६ असणारे श्वास दोन-तीन रात्री २१-२२ वर गेले, तर दम वाढण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

यंत्र विकणारे बहुतेक वेळा एका पानाचा सारांश हातात ठेवतात. त्यात तासांची सरासरी असते. वीज गेल्याने यंत्र मध्येच बंद पडलेली रात्र त्यात लपून जाते. रात्रवार सविस्तर अहवाल मागावा. तपासणीला जाताना यंत्राचे एसडी कार्ड आणि त्याच रात्रीचा ऑक्सिमीटरचा आलेख, दोन्ही सोबत न्यावे.

– एक श्वसनोपचार तंत्रज्ञ, पुणे