तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात, त्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेला तंबोरा घरी आणला त्या दिवशी तुमचे आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणत त्याच्या खोळीची, गवसणीची नाडी बांधायला लागलात. मला पुढे बोलताच आलं नाही, घसा दाटून आला होता. म्हणून आता लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे तुम्हाला कदाचित कळलेलंही नाही.

मी नऊ वर्षांची होते. संगीताच्या तासाला बाईंनी तंबोरा छेडला आणि विचारलं, कोणकोणते स्वर ऐकू येतात? कोणी सा म्हणालं, कोणी प. मी हात वर करून म्हटलं, ‘बाई, मला ग पण ऐकू येतोय.’ तंबोऱ्याला तारा चार. एक पंचमाची म्हणजे प ची, दोन षड्जाच्या म्हणजे सा च्या, एक खर्जाची म्हणजे खालच्या सा ची. ग ची, गंधाराची तारच नाही. सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, ‘हिला कान नाही,’ आणि मला मागच्या रांगेत बसवलं. त्या वर्षी समूहगीतात मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

हे वाक्य मी चौतीस वर्षं खरं मानून जगले. मधल्या काळात दोनदा धीर करून शिकायला गेले. एका ठिकाणी वाद्यांची ओळख म्हणून चित्रं पाठ करून घेतली : सतार तंतुवाद्य, बासरी सुषिरवाद्य, तबला चर्मवाद्य, झांज घनवाद्य. मी विचारलं, आवाज नक्की होतो कसा? उत्तर मिळालं, ‘ते शास्त्र तुम्हाला काय करायचंय, रियाज करा.’ दुसरीकडे तर पहिल्याच दिवशी वय विचारलं आणि हसले. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तसं सांगावं. विचारणाऱ्यालाच गप्प बसवायचं, याचा राग मला आजही आहे.

आईचा तंबोरा कित्येक वर्षं गवसणीत पडून होता. तारा गंजलेल्या, आवाज मुका. तो घेऊन तुमच्याकडे आले ते फक्त ठेवून जायला. तुम्ही म्हणालात, ‘थांबा ताई, आधी ऐका तरी त्याला काय झालंय.’ मी थांबले. आणि न राहवून तोच जुना प्रश्न विचारला.

तुम्ही हसला नाहीत. ट्यूनिंग फोर्क, सूर देणारा तो धातूचा काटा, गुडघ्यावर आपटून हवेत धरलात. कान जवळ नेला तरच ऐकू येईल इतका बारीक आवाज. मग त्याचा दांडा तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, तबलीवर टेकवलात आणि खोली भरून गेली. ‘तार बारीक असते,’ तुम्ही म्हणालात. ‘ती हवेतून सुरीसारखी जाते, हवा बाजूनं निसटते. एवढी मोठी फळी हलली की हवेला निसटायला जागा नाही.’ म्हणजे तार थरथरते, ती जिच्यावर टेकते ती घोडी तो थरथराट तबलीला देते आणि तबली तो हवेला. गिटारची पेटी, व्हायोलिनचं पोट, पियानोतली ती अख्खी लाकडी फळी, सगळ्यांचं काम हेच. इतकी वर्षं मला वाटायचं, भोपळा शोभेला आहे.

पुढचे काही दिवस मी येत राहिले आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता दाखवत राहिलात. एका हार्मोनियमचे सूर, म्हणजे आतल्या पट्ट्या, काढले होते. पितळेची पातळ पट्टी, एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं. भात्यातली हवा खालून जाते तशी ती पट्टी आपल्या चौकटीत वरखाली होते, हवेचा झोत तुटत-जुळत राहतो आणि सूर लागतो. एक पट्टी उतरली होती. तुम्ही भिंगातून बघत मोकळ्या टोकाशी दोनदा कानस फिरवलीत, सूर चढला. जास्त चढला म्हणून बुडाशी एकदा फिरवलीत, सूर खाली आला. टोक हलकं झालं की पट्टी भराभर हलते, बूड पातळ झालं की सैलावते. दोन घासांत एवढं सगळं समजलं मला! तुम्ही पितळेचा कीस फुंकरीनं उडवलात आणि पट्टी पुन्हा जागेवर बसवलीत.

बासरीत तर हलणारं काहीच नाही, असं मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘हवा हलते ना.’ फुंक छिद्राच्या कडेवर आपटते, कधी आत वळते, कधी बाहेर, आणि नळीतला हवेचा खांब डोलायला लागतो. बोट उचललं की खांब आखूड, सूर वरचा. जोरानं फुंकलं की तोच खांब दोन भागांत डोलतो आणि सूर एका सप्तकानं वर उडी मारतो. वाजवता वाजवता बासरी का चढते, तेही तेव्हाच समजलं. हवेत आवाजाचा वेग 20 अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो आणि दर अंशामागे तो साधारण 0.6 मीटरनं वाढतो. श्वासानं नळी तापते, सूर चढतो. तार मात्र तापली की सैल पडते आणि उतरते. मैफलीत वादक मधेच थांबून पुन्हा का जुळवतात, याचं हेही एक कारण.

व्हायोलिनचं मी कधी विसरणार नाही. गजाच्या केसांना राळ लावलेली. केस तारेला चिकटतात, ओढत नेतात, तार सुटून मागे येते, पुन्हा चिकटते. 440 कंपनांचा सूर असेल तर हे धरणं-सोडणं एका सेकंदात 440 वेळा. आतमध्ये घोडीच्या एका पायाशी एक लहानसा लाकडी खांब उभा असतो. तो काढला की व्हायोलिन पोकळ बोलतं. फ्रेंच लोक त्या खांबाला आत्मा म्हणतात, हे सांगताना तुम्ही तंबोऱ्याच्या घोडीवरच्या दोऱ्याकडे बोट दाखवलंत. ‘आणि आपल्याकडे काही जण ह्याला जीव म्हणतात.’

त्या दिवशी मी तुम्हाला गंधाराची गोष्ट सांगितली. घाबरतच सांगितली. तुम्ही पक्कड खाली ठेवलीत. खर्जाच्या तारेवर वीत-बोटं टाकत तिचा पाचवा हिस्सा शोधलात, तिथं करंगळीच्या टोकानं तार दाबली नाहीत, नुसती शिवलीत, आणि छेडली.

गंधार. स्वच्छ, घंटेसारखा.

‘हा घ्या तुमचा ग,’ तुम्ही म्हणालात. ‘तो इथंच होता. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला.’

मी तिथं रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं दाखवलंत. मग नेहमीच्या आवाजात समजावत राहिलात. तार अख्खी हलते, त्याच वेळी दोन अर्ध्यांत हलते, तीन भागांत, चार, पाच. खर्ज 120 कंपनांचा धरला तर पाच भागांतलं हलणं 600 चं होतं. 120 चा षड्ज वरच्या सप्तकांत 240, मग 480. आणि 480 ला 600 म्हणजे चारास पाच, म्हणजे शुद्ध गंधार. नऊ वर्षांच्या मुलीनं ऐकलेलं खरं होतं, याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

तबल्यावरची शाईही याच हिशेबासाठी असते, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा नुसता दणका होतो. मध्यभागी शाईचं वजन थरांनी चढवलं की ते स्वर ओळीत येतात आणि तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये हे शास्त्राच्या भाषेत मांडलं. 1921 मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवरही लिहिलं. एरवी तार जिथं छेडावी तिथं ज्या भागांचा स्थिर बिंदू येतो, ते स्वर उमटत नाहीत. तंबोऱ्यात तेसुद्धा उमटतात, कारण तार रुंद, किंचित गोलसर घोडीला घासत थरथरते. ती कुठं आणि किती घासेल, ते दोरा ठरवतो. शाई घोटणाऱ्या आणि घोडी घासणाऱ्या पहिल्या कारागिरांची नावं कुणालाच माहीत नाहीत. रामन यांच्या कितीतरी आधी त्यांनी हे नुसत्या कानानं शोधलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. जवारी झाली, म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडी घासून झाली, नव्या तारा चढल्या. तीन तारांचे दोरे तुम्ही लावलेत आणि चौथा, खर्जाचा, माझ्या हातात दिलात. पांढरा, सुती, बोटभर लांब. मी म्हटलं, ‘काका, मला नाही जमणार.’ आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसले, जशी आयुष्यभर प्रत्येक शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत आले.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठलात, स्टूल उचललंत, उलटं फिरवून ठेवलंत आणि भिंतीकडे तोंड करून बसलात.

बघायला चेहराच उरला नाही. मी दोरा घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवला. तार मुकी. केसभर मागे घेतला. नुसती खरखर. पुन्हा पुढे, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. तुमची पाठ हलली नाही. मान नाही, खांदा नाही. मी किती वेळ घेतला ते मला आठवत नाही, पण तुम्ही एकदाही खाकरला नाहीत. आणि मग एका छेडीला तार उघडली. तिच्यातून भुंग्यासारखी एक रांगच निघाली, आणि त्या रांगेत तो गंधार होता. मी हात काढून घेतला.

तुम्ही वळलात. चारही तारा छेडल्यात, डोळे मिटून ऐकलंत. मी तुमच्या बोटांकडे बघत होते. आता ती घोडीकडे जातील, आता दोरा जरासा सरकवतील. शिकवणारे सरकवतातच. तुमची बोटं गेली नाहीत. तुम्ही तो दोरा मी ठेवला होता तिथंच राहू दिलात आणि गवसणी उचललीत.

काका, चाळीस-पन्नास वर्षं तारा जुळवलेल्या माणसाला तो दोरा आणखी नेमका लावता आला असता, हे मला समजतं. तुम्ही नाही लावलात. मोठ्या गोष्टी करणाऱ्यांबद्दल लोक लिहितात, लिहावंच. पण समोरच्याला त्याच्या स्वतःच्या कानावर एकटं सोडायचं आणि तरी खोलीतून निघून जायचं नाही, एवढी सभ्यता मी फार थोड्या माणसांत पाहिली. घाई नाही, उपकाराची भाषा नाही, ‘मी शिकवलं’ असा सूरही नाही. अशी माणसं आहेत म्हणूनच आमच्यासारखे लोक पुन्हा एकदा दार ठोठावायचा धीर करतात. तुमच्याआधी मला एखादा असा भेटला असता तर, असा विचार मनात येतो. पण तुम्ही भेटलात.

आज पहाटे खर्ज जरा उतरला होता. आधी खुंटी, मग बारीक जुळवणीचा मणी, आणि शेवटी दोरा. घरात कुणी जागं नव्हतं, तरी मी भिंतीकडे तोंड करून बसले. सहाव्या-सातव्या छेडीला ग आला.

येत्या वेळी तुम्ही आलात की ऐकवेन. दोरा कुठं आहे ते तेव्हा बघा, आणि खरंच वाटलं तर सरकवा. आता मला चालेल.

आपली,
मुका तंबोरा घेऊन आलेली ताई