प्लेसमेंटचे आकडे दोन वर्षांनंतरचे द्या

प्रवेशाचे दिवस आले की व्यवसाय शिक्षण देणाऱ्या अनेक संस्थांच्या फाटकावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’चे फ्लेक्स झळकतात. बहुतेकदा हा आकडा कॅम्पसवर वाटलेल्या ऑफर लेटरचा असतो. चाकणच्या कारखान्यात रुजू झालेला मुलगा खोलीभाडे आणि मेसचा खर्च भागेना म्हणून तीन महिन्यांत गावी परतला, तरी फ्लेक्सवर तो नोकरीतच राहतो.

खरे चित्र दाखवणारी नोंद सरकारकडे आहे. कोणत्या आस्थापनेने किती वेतनावर भविष्य निर्वाह निधी भरला, हे कामगाराच्या यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायम क्रमांक) खात्यात दरमहा नोंदले जाते. नावे गुप्त ठेवून आयटीआय आणि बी. व्होक. (व्यवसाय शिक्षणाची पदवी) झालेल्यांच्या याद्या त्याला जोडल्या, तर किती जण टिकले, पगार किती वाढला, हे ट्रेडनिहाय, म्हणजे अभ्यासक्रमानुसार, कळेल. अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) या नोंदीत येत नाहीत, म्हणून मोजणी उमेदवारीचा काळ सरल्यावर, उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांनी करावी.

मात्र एवढ्यावर कोणताही ट्रेड बंद करू नये. पीएफची सक्ती साधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. स्वतःचे गॅरेज टाकलेला किंवा वायरिंगची कामे घेणारा मुलगा त्यात दिसणारच नाही. त्याला फोन करूनच विचारावे लागेल. शिवाय गडचिरोलीच्या संस्थेची तुलना पिंपरी-चिंचवडशी करणे सरळसरळ अन्याय आहे.

व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने असे आकडे पुढील प्रवेशफेरीआधी संकेतस्थळावर टाकावेत. शुल्क भरण्याआधी ते पालकांना दिसायला हवेत.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा