फवारणीचा ठेका देण्याआधी

प्रिय गजू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, यंदा फवारणी पंपामागे मजुरी ठरवून देऊन टाकतो, नागपूरहून दरवेळी येणं जमत नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. वावर तुझं, निर्णयही तुझा. पण आपली जुनी मैत्री आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

2017 चा हंगाम आठव. जुलै ते नोव्हेंबरच्या काळात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कोणाची दृष्टी अंधुक झाली, कोणी तडफडत होतं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. नोझल वर धरावं लागे आणि औषध तोंडावर, छातीवर पडत राही. त्यात दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली.

लोकांना वाटतं विष नाकातून जातं, म्हणून तोंडाला दुपट्टा बांधला की काम झालं. गजू, खरा धोका कातडीचा आहे. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी औषधं कातडीतून आत शिरतात, आणि भाद्रपदाच्या उन्हात घामानं भिजलेल्या अंगातून तर जास्तच. पंप गळत असेल तर पाठ दिवसभर ओली राहते. ओला दुपट्टा तर विष तोंडाशी धरून ठेवतो.

हातमोजे, चष्मा, अंगरखा असं संरक्षक किट द्यायलाच हवं, पण त्या उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून कोणी दुपारपर्यंत टिकत नाही, आणि मग लोक म्हणतात, मजूरच निष्काळजी. हे मला पटत नाही. माणसाला बोल लावण्याआधी विष कमी करावं. मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून घेणारे कामगंध सापळे लाव. एका सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ-दहा पतंग आले किंवा शंभरात दहा बोंडं किडलेली दिसली, तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारायचं. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. आपल्या धुऱ्यावर कडुनिंब आहेतच. आणि डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे सर्वात जहाल विषाची खूण, असलेलं औषध घेऊच नकोस, कृषी केंद्रवाल्यानं कितीही गळ घातली तरी.

दुसरं, पंपामागे मजुरी देऊ नकोस. पंपाचा हिशोब असला की माणूस वारा बघत नाही, जेवणाआधी हात धुवत नाही, दुपारच्या उन्हातही थांबत नाही. रोजानं दे, सकाळी लवकर काम सुरू करून ऊन चढायच्या आत थांबव. वावरात साबण आणि पाण्याचा ड्रम ठेव. औषध हातानं नाही, लांब काडीनं ढवळायचं, वाऱ्याकडे पाठ करून फवारायचं. गडी घरी गेल्यावर ते कपडे त्याची बायको हातानं धुते, तिला त्याची काहीच मजुरी नाही. फवारणीचे कपडे वेगळे ठेवायला सांग. रिकामे डबेही कोणी घरी नेता कामा नये, त्यात पाणी, धान्य भरतात लोक.

मळमळ, डोकं गरगरणं, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यासमोर अंधारी, असं काही झालं की लिंबू-पाणी पाजत बसू नये. कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. औषधाचा डबा सोबत न्यायचाच. वर सांगितलेल्या प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉसवर ॲट्रोपिन हा उतारा चालतो, पण डायफेन्थियुरॉनसारख्या औषधावर तसा उतारा नाही. कोणतं विष ते डॉक्टरला कळलं नाही तर वेळ जातो, आणि मिश्रण असेल तर आणखी अवघड.

सातबारा तुझ्या नावावर आहे. अपघात झाला तर सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून तुझ्या घरी दोन लाख येऊ शकतात. पण पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्याच्या नावावर वावर नसतं. मला हे फार बोचतं. निदान त्याचा स्वतंत्र अपघात विमा तू काढावास, असं मला मनापासून वाटतं.

पोळ्याला येशील तेव्हा चांगले रबरी हातमोजे, चष्मे आणि सापळ्यांच्या ल्यूर (पतंगांना ओढणाऱ्या वासाच्या वड्या) नागपूरहून घेऊन ये, इथे वेळेवर मिळत नाहीत. गड्याशी आपण दोघं मिळूनच बोलू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विठ्ठल