मीटर, लॉगबुक आणि राहिलेले तास

मेसा, ॲरिझोना

ती. आबा,
सा. न.

तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, "किती तास झाले?" मी आकडा सांगितला की गप्प होता. आईला वाटतं, आकडा तुम्हाला कमी वाटला. मला माहीत आहे, तुम्ही मनातल्या मनात बेरीज करत असता. म्हणून आज हे विमान उडवण्याच्या तासांचं प्रकरण सविस्तर लिहिते. साडेबारा तासांच्या फरकात फोनवर ते जमत नाही. एकाला झोप आलेली असते.

इथे फाल्कन फील्ड विमानतळावर उन्हाळ्यात दुपारी उडणं नको होतं. आम्ही पहाटे उडतो, नाहीतर दिवस कलल्यावर. मधल्या वेळात इन्स्ट्रक्टर मंडळी हँगरच्या सावलीत बसतात आणि विषय एकच, तास. बहुतेक जण माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे. २००९ मध्ये बफेलोजवळ विमान कोसळून ५० माणसं गेली, त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून इथे विमान कंपनीत जायला साधारण १५०० तास लागतात. ते जमवण्यासाठीच ही मुलं आम्हाला शिकवतात. त्यामुळे त्यांची थट्टाही तासांचीच.

विमानात एक छोटं मीटर असतं, रिक्षाच्या जुन्या मीटरसारखं. शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे सहा मिनिटं. ते चाक इतकं हळू फिरतं की बराच वेळ दोन आकडे अर्धे अर्धे दिसतात. त्या अर्ध्या आकड्यावर इथे रोज वाद होतो.

परवा एका विमानाचा मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारा भाग) तपासताना इंजिन अडखळायला लागलं, म्हणून ते धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन परत आलं. नियम असा, की उडण्यासाठी विमान स्वतःच्या जोरावर हललं की वेळ सुरू आणि उतरून थांबलं की वेळ संपली. एक जण म्हणाला, "पण हे उतरलंच नाही! म्हणजे याची वेळ अजून चालूच आहे." दुसरा लगेच म्हणाला, "मग बसून राहा आतच. बासष्ट दिवस आणि बारा तासांत पंधराशे होतील." आबा, मी पोट धरून हसले.

एक गोष्ट तुम्हाला पटणारच नाही. दोघं लायसन्सवाले एका विमानात बसतात. एकाच्या डोळ्यांवर झापड, म्हणजे त्याला फक्त आतले काटे दिसावेत. दुसरा बाहेर नजर ठेवतो. ठरावीक अटी पाळल्या तर त्या झापडाच्या वेळेत दोघांनाही कॅप्टनचे तास लिहिता येतात, आणि तेही कायदेशीर. एका एसटीला दोन ड्रायव्हर आणि दोघांचीही ड्युटी पूर्ण!

पण सगळ्यात मजा रात्रीची. इथल्या नियमांत रात्री तीन आहेत. सूर्य मावळला की विमानाचे दिवे लावायचे, ती पहिली. संधिप्रकाश संपला की रात्रीचे तास लिहायचे, ती दुसरी. आणि प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीनदा रात्री उतरलेलं असावं लागतं, ती रात्र सूर्यास्तानंतर एका तासाने सुरू होते. पोरं डोक्याला हात लावतात. मला मात्र आजीची आठवण झाली. तिची तिन्हीसांज वेगळी, दिवेलागण वेगळी, आणि "आता रात्र झाली, बाहेर जाऊ नका" ही वेळ वेगळी. तिला हे नियम एका झटक्यात कळले असते.

याच रात्रीने माझा घोटाळा केला. प्रायव्हेट लायसन्सच्या परीक्षेआधी रात्रीचं तीन तासांचं शिक्षण लागतं. माझे ३.१ झाले होते. परीक्षेच्या आधी लॉगबुकची, म्हणजे तासांच्या नोंदवहीची, पानं तपासताना लक्षात आलं, एका उड्डाणात मी सूर्य मावळल्यापासूनच रात्र धरली होती. संधिप्रकाशाचं कोष्टक काढून पाहिलं. चोवीस मिनिटं जास्त. म्हणजे खरे २.७.

सोबतचा मुलगा म्हणाला, "पार्कर चालव." हा इथला जुना विनोद. दुसऱ्या महायुद्धात पी-५१ नावाचं अमेरिकन लढाऊ विमान होतं, आणि त्याच काळात पार्कर ५१ नावाचं पेन होतं. ज्याने पेनाने तास वाढवले, तो "पार्कर पी-५१ चा पायलट". तास लिहिण्याचा नियमही नेमका ६१.५१, आणि थोडं पुढे ६१.५९, खोटी नोंद केली तर लायसन्स जाऊ शकतं.

सगळे हसले, माझा इन्स्ट्रक्टरही हसला. मग त्याने काही न बोलता दुसऱ्या संध्याकाळचं विमान माझ्या नावावर लावलं. तेव्हा मला तुम्ही आठवलात. मुक्कामी गाडीवरून आलात की जेवायच्या आधी तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल घेऊन बसायचात. आठ आण्यांचा फरक निघाला तरी ताट झाकून ठेवायला सांगायचात. चुकलं तर खोडायचं नाही. एक सरळ रेघ, वर खरा आकडा, बाजूला सही. मी तसंच केलं. माझ्या हातून चूक झाली याचं वाईट वाटलं, पण रेघ मारताना हात थरथरला नाही.

पैसे लागले, आबा, आणि ते कर्जाचे आहेत हे मी विसरत नाही. पण २०११ साली आपल्याकडे खोट्या तासांवर मिळवलेल्या लायसन्सची प्रकरणं उघडकीला आली होती. मला पुढे तिकडेच यायचंय, डीजीसीएसमोर, आपल्या विमान वाहतूक खात्यासमोर, हीच पानं ठेवायची आहेत.

दुसऱ्या दिवशी संधिप्रकाश पुरता संपेपर्यंत आम्ही विमानाजवळ उभे राहिलो. डोंगरांमागची लाली गेली, मग राखाडी रंग गेला. इन्स्ट्रक्टरने घड्याळ पाहिलं, मी पाहिलं, आणि मग इंजिन सुरू केलं. उतरलो तेव्हा मीटरवर अर्धा तीन आणि अर्धा चार दिसत होता. मी तीनच लिहिला. ०.३, एकूण बरोबर ३.०.

सोबत त्या पानाचा फोटो आहे. वरून चौथ्या ओळीतली रेघ बघा, सरळ आलीय का. आईला म्हणावं, तिखट संपत आलंय.

तुमची,
छकुली